जंजाळा, घटोत्कच, वेताळवाडी: दोन दिवसांच्या जंगलवाटेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अजिंठ्याच्या डोंगररांगेत, सिल्लोड-सोयगावच्या बाजूला ओस पडलेले दोन किल्ले समोरासमोर उभे आहेत आणि त्यांच्याजवळच कड्याच्या पोटात एक बौद्ध लेणं आहे. तिथे तिकीटखिडकी नाही, टपरी नाही, वाट दाखवणाऱ्या पाट्याही फारशा नाहीत. नाव नोंदवण्याआधी हे पान पूर्ण वाचा. पुढचे बहुतेक नियम अशा चुकांवरून आलेले आहेत ज्या या डोंगरात पुन्हा पुन्हा होतात.

नेमकं कुठे जायचं आहे?

छत्रपती संभाजीनगरहून जळगाव रस्त्याने सिल्लोड, पुढे गोळेगाव, तिथून आत वळून उंडणगाव-अंभईमार्गे जंजाळा गाव. गाव पठारावर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी मोठी चढण नाही. गावातून पठारावरून चालत जंजाळा किल्ला, ज्याला वैशागडही म्हणतात. त्यानंतर कड्याच्या कडेने खाली उतरून घटोत्कच लेणी. मुक्काम गावात. दुसऱ्या दिवशी गाडीने हळदा घाटात जायचं, तिथून वेताळवाडीचा किल्ला चढायचा आणि पाण्याचा अंदाज बघून जमलं तर जवळची रुद्रेश्वर लेणी.

या भागात पहिल्यांदा येणारा माणूस एका गोष्टीने फसतो. सह्याद्रीत किल्ला म्हणजे खालून वर चढणं. इथे अनेकदा गाडी वर पठारावर पोचते आणि वाट खाली उतरते. सकाळी ताज्या पायांनी सहज उतरलेली दरी दुपारी उन्हात चढून यायची असते. दम तिथे लागतो, म्हणून ताकद परतीसाठी राखून ठेवा.

एका किल्ल्यावरून दुसऱ्यावर थेट पायी जाता येत नाही का?

वेताळवाडीच्या एका दरवाजाला जंजाळा दरवाजा म्हणतात, कारण त्याचं तोंडच जंजाळ्याकडे आहे. तिथे उभं राहिलं की समोरचा किल्ला हाकेच्या अंतरावर वाटतो. पण मधली दरी काटेरी झुडपांनी भरलेली आहे, गुरांच्या वाटा मध्येच विरून जातात आणि पावसाळा संपला की तिथे पाण्याचा भरवसा नाही. वाट चुकली तर अंधाराच्या आत कुठल्याच बाजूला निघता येत नाही. म्हणून आम्ही दरी ओलांडत नाही, गाडीने वळसा घालतो.

या डोंगरात सोन्याची खाण आहे असं ऐकलं. खरं आहे का?

नाही. जंजाळ्यावर गवतात जे खड्डे दिसतात त्यांना कुणी खाणीची तोंडं म्हणतात, कुणी भुयारं. ती खाण नाही. मराठवाड्याचा बहुतांश भाग बेसाल्टवर, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. आपल्याकडच्या दक्खनच्या काळ्या कातळात सोन्याच्या शिरा नाहीत. त्या सापडतात कर्नाटकातल्या धारवाडी खडकांच्या पट्ट्यांत. रायचूर जिल्ह्यातली हट्टीची खाण अशीच, आणि ती आजही चालू आहे. १९५६ पर्यंत रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते, त्यामुळे ‘निजामाची सोन्याची खाण’ हे शब्द जुन्या माणसांच्या तोंडी असतील तर त्यात नवल नाही. कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, पण त्याही तिकडेच.

आपल्या कातळात पोकळ्यांमध्ये गारगोटी, अकीक आणि झिओलाइटचे पांढरे, चमकणारे स्फटिक मिळतात. पोरं त्याला हिरा म्हणून खिशात घालतात. बघा, हातात घ्या, परत ठेवा.

मग ते खड्डे कसले?

गुप्तधनासाठी केलेल्या खोदकामाचे. या किल्ल्यांचं सर्वात मोठं नुकसान पावसाने किंवा झाडांच्या मुळांनी केलेलं नाही, या खोदकामाने केलं आहे. बुरुजाचा पाया, कबरीचा चौथरा, टाक्याची कड, जिथे काही कोरलेलं दिसतं तिथे रात्री पहारी लागतात. पायाचा एक दगड हलला की पुढच्या पावसाळ्यात वरचा तट फुगतो आणि त्यानंतरच्या पावसाळ्यात ढासळतो.

चालणाऱ्याला याचा धोका थेट आहे. खड्ड्याच्या कडेची माती सैल असते आणि सप्टेंबरनंतर कमरेइतक्या गवतात खड्डा दिसतच नाही. जुन्या टाक्यांचंही तसंच. म्हणून पठारावर आमचा वाटाड्या काठीने पुढची जमीन चाचपत जातो आणि बाकीच्यांनी त्याच्याच पावलावर पाऊल टाकायचं असतं. फोटोसाठी वाट सोडून चार पावलं बाजूला जायचं असेल तर आधी सांगा.

कायदाही माहीत असू द्या. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. केंद्राच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मेटल डिटेक्टर, पहार, कुदळ घेऊन आलेल्याला आम्ही गाडीत घेत नाही. वाटेत ताजं खोदकाम, लिंबू, हळदकुंकू दिसलं तर हात लावू नका. आम्ही जागा नोंदवून पोलीस पाटलांना कळवतो.

भुयारात जाता येईल?

नाही. वटवाघळांची विष्ठा, सैल छत आणि कोंडलेली हवा, तिन्ही वाईट. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तो खोलगट जागेत तळाशी साचतो. माणूस आत उतरतो, गुडघे टेकतो आणि तिथेच बेशुद्ध पडतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तसाच पडतो. जुन्या विहिरींत नेमकं हेच होतं. दिवा विझतो का ते बघून आत जाण्याची जुनी रीत पुरेशी नाही. टाक्यांच्या काठावरही एका वेळी एकानेच, तेही बसून वाकायचं.

घटोत्कच लेण्यात काय पाहायचं?

नाव महाभारतातलं असलं तरी लेणं बौद्ध आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने ते कोरवलं, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात. अजिंठ्याचं सोळावं लेणंही त्याचंच दान. इथल्या व्हरांड्याच्या भिंतीवर त्याच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख आहे. तो झिजलेला आहे, समोरून पाहिलं तर भिंत कोरीच वाटते. टॉर्च भिंतीला जवळजवळ समांतर, बाजूने धरा, म्हणजे अक्षरांच्या खाचांत सावली पडून ओळी उठून दिसतात. त्यावर खडू, पाणी किंवा पावडर लावून फोटो काढू नका.

अजिंठ्याला जे गर्दीत, दोरीमागून बघावं लागतं ते इथे निवांतपणे, त्याच काळातलं आणि त्याच दात्याचं, बघायला मिळतं. त्यासाठी आम्ही दीड तास ठेवला आहे आणि तो कमी करत नाही, मग किल्ल्यावरचा एखादा बुरूज राहिला तरी चालेल.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारी सर्वात बरा काळ. डिसेंबरात पहाटे पठारावर चांगलीच थंडी असते आणि संध्याकाळी सहाच्या आत सूर्य मावळतो, तेव्हा दिवस लहान धरूनच आखणी असते.

जुलै-ऑगस्टमध्ये डोंगर हिरवा आणि फार सुंदर असतो. पण लेण्याची उतरण शेवाळलेली असते आणि रुद्रेश्वरच्या बाजूचे ओढे वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही फुगतात. तेव्हा रुद्रेश्वर आम्ही त्याच सकाळी ठरवतो. पाणी गुडघ्याच्या वर किंवा गढूळ असेल तर जात नाही.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर फोटोंसाठी लोकांना हवा असतो, पण कुसळी गवत, ऑक्टोबरचं ऊन आणि दुपारनंतरच्या विजा हे तिन्ही एकत्र येतात. मार्च ते मेमध्ये आम्ही कुणालाही नेत नाही. काळा कातळ सकाळी दहालाच तापतो आणि सावली नसते. नंतर पैसे परत मागण्यापेक्षा तारीख आधी विचारून घ्या.

माझी तब्येत जमेल का? कसं तपासायचं?

घरच्या घरी दोन परीक्षा. पाठीवर पाच किलो वजन घेऊन सपाट रस्त्यावर एका तासात पाच किलोमीटर चाला. दुसरी, देवगिरी किल्ला पायथ्यापासून बारादरीपर्यंत चढा आणि वर पोचल्यावर दहा मिनिटांत श्वास नेहमीसारखा होतो का ते पाहा. दोन्ही जमलं आणि दुसऱ्या दिवशी जिने उतरताना गुडघा बोलला नाही, तर या.

दहा वर्षांखालची मुलं नाहीत. वरची वयोमर्यादा नाही. मधुमेह, रक्तदाब, दमा, फिट येणं, गांधीलमाशी किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी, यातलं काही असेल तर फॉर्ममध्ये लिहा. लपवू नका. लिहिलं म्हणून कुणाला सरसकट नकार देत नाही, पण वाटाड्याला ते माहीत असलं पाहिजे. नेहमीच्या गोळ्या दोन जागी ठेवा, एक संच स्वतःजवळ, दुसरा आमच्याकडे.

बूट कोणते?

पकड असलेल्या तळव्याचे, घोट्यापर्यंतचे, आणि निदान पंचवीस-तीस किलोमीटर वापरलेले. नवे बूट पहिल्याच दिवशी फोड आणतात. गुळगुळीत तळव्याचे पळायचे बूट आणि सँडल इथे निरुपयोगी, कारण बाभळीचा आणि हिवराचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो.

घसरण बहुतेक वेळा ओल्या दगडावर होत नाही. होते ती कोरड्या कातळावर पसरलेल्या मुरमाच्या खड्यांवर. खडे बॉलबेअरिंगसारखे फिरतात. अशा घसाऱ्यावर गुडघे किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत, पूर्ण तळवा टेकवून उतरायचं. घाबरून मागे रेलाल तर पाय पुढे निसटतो आणि माणूस पाठीवर पडतो. दोन माणसांत तीन मीटर अंतर ठेवा. पायाखालून दगड सुटला तर जोरात “दगड!” म्हणून ओरडा, आणि वरून ओरड ऐकू आली तर मान वर करून बघू नका, कड्याला चिकटा.

सोबत काय आणायचं?

पाणी हिवाळ्यात तीन लिटर, ऑक्टोबरात चार, एकाच बाटलीत नको. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, लांब पँट, टोपी, पंचा किंवा उपरणं. पंचा हा या यादीतला सर्वात कामाचा कपडा आहे: डोक्याला, घामाला, मधमाशीला आणि हात मोडला तर झोळीला. कपाळावर बांधायचा टॉर्च, शिट्टी, चिकटपट्टी, चिमटा, जुन्या वर्तमानपत्राची दोन पानं आणि एक झिपची पिशवी. पाळीच्या दिवसांत पॅड त्या कागदात गुंडाळून पिशवीतून परत आणायचे, डोंगरात पुरायचे नाहीत. कोल्हे-कुत्री उकरून काढतात.

काय नको: अत्तर, सेंट, सुगंधी तेल, विडी-सिगारेट, दारू, ब्लूटूथचा डबा, परवानगीशिवाय ड्रोन.

मोहोळ उठलं तर काय करायचं?

हा प्रश्न कमी जण विचारतात, पण बिबट्यापेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे. कड्यांना, लेण्यांच्या वरच्या ओठाला आग्या मोहोळ असतं. धूर, उग्र वास, टाळ्या-आरोळ्या, ड्रोनची घरघर आणि कड्यावर मारलेला दगड यांनी ते उठतं. दूर उभे असाल तर आवाज न करता मागे फिरा. उठलंच, तर हात झाडू नका. मारलेल्या माशीच्या वासाने बाकीच्या अजून येतात. पंचाने नाक, तोंड, कान झाका आणि दाट झाडीतून लांब पळा, थांबू नका, काही शे मीटर जावं लागतं. कड्याच्या कडेला मात्र आंधळेपणाने पळू नका. उतरणीवर वाटाड्या नेईल तीच दिशा.

नंतर काटे नखाने किंवा कार्डच्या कडेने पटकन खरवडून काढा, कारण काटा आत राहील तितका वेळ विष उतरत राहतं. तोंड सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांध्या, उलटी यातलं काही दिसलं किंवा डंख वीस-पंचवीसच्या वर असतील तर थेट दवाखाना.

साप?

नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार मुख्य विषारी साप, आणि सरकारी रुग्णालयातलं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. म्हणून साप मारून किंवा पकडून नेण्याची गरज नाही. दगडाच्या फटीत, तटाच्या भोकात, सरपणाच्या ढिगात हात घालू नका. बसण्याआधी काठी आपटा.

चावा झाला तर माणसाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-घड्याळ काढा, चावलेला अवयव फळीने किंवा काठीने मोडलेल्या हाडासारखा बांधा आणि वेळ लिहा. आवळून दोरी बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही, मंत्र-मुळी नाही. त्याला चालवायचं नाही, उचलून गाडीपर्यंत आणायचं. जवळचं मोठं ठिकाण सिल्लोडचं उपजिल्हा रुग्णालय. १०८ ला फोन एकीकडे लावायचा, पण गाडीची वाट बघत बसायचं नाही, आपली गाडी निघते.

मण्यारीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होणं, बोलणं जडावणं सुरू झालं की कळतं. यासाठीच मुक्कामात सगळे खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपतात. “मला जमिनीवरच झोप येते” हे चालत नाही.

बिबट्या, अस्वल?

अजिंठा-सातमाळ्याच्या रांगांत बिबट्या आहे, तरस, रानडुक्कर, कोल्हा, नीलगाय आहेत. अस्वलांची नोंद गौताळा अभयारण्याकडे आहे. दिवसा, घोळक्याने, बोलत चालणाऱ्यांना यातलं सहसा काही दिसतही नाही. अंधारात एकट्याने परसाकडे जायचं नाही, मुलांना दोन मोठ्यांच्या मध्ये ठेवायचं. पिलांसह रानडुकरीण वाटेत आली तर तिला वाट द्या. फोन काढू नका.

वीज?

जून आणि ऑक्टोबर या दोन टोकांना मराठवाड्यात विजा जास्त जीव घेतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आमच्याकडे चालू असतं, पण दरीत रेंज जाते, म्हणून कानही तयार ठेवा. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर आम्ही बुरूज, तट आणि एकटं झाड सोडून खाली उतरतो. उतरायला वेळच नसेल तर सखल जागी, एकमेकांपासून लांब, सॅकवर पाय जुळवून उकिडवं बसायचं. लोखंडी काठ्या दूर.

जेवण-मुक्काम कसा असतो?

मुक्काम जंजाळा गावात, गावातल्याच घरी. किल्ल्यावर किंवा लेण्यात तंबू लावत नाही. स्मारक सूर्योदय ते सूर्यास्त, आणि वनजमिनीवर रात्री परवानगीशिवाय थांबता येत नाही. रात्री भाकरी, पिठलं किंवा आमटी, ठेचा, भात. वाटेत खायला धपाटे, गूळ-शेंगदाणे, उकडलेले बटाटे, संत्री. चुलीवर करणाऱ्या माउलींना ऐनवेळी वीस भाकरी थापायला लावायचं हे बरोबर नाही, म्हणून किती खाणार ते दुपारीच सांगा.

पाण्यात मीठ-साखर घरीच करायची तर एक लिटरला साखर सहा सपाट चहाचे चमचे आणि मीठ अर्धा. मीठ जास्त झालं तर उलटी होते. अंदाजाने घालू नका.

परतीची वेळ कोण ठरवतं?

पुढे वाटाड्या, मागे आमचा एक माणूस, मध्ये जास्तीत जास्त सोळा जण. मागच्या माणसाच्या मागे कुणी राहायचं नाही. प्रत्येकाला आकडा दिलेला असतो, दर थांब्यावर तो म्हणायचा. दुपारी दोनला असू तिथून परत, मग दरवाजा शंभर पावलांवर असला तरी. यावर मतदान घेत नाही.

रेंज असते का? एसटीने येता येईल?

पठारावर कुठे कुठे, दरीत नाही. घरी आधीच सांगून ठेवा. एसटीने सिल्लोडपर्यंत या, तिथून गाडीत घेतो. पुढच्या गाड्यांवर विसंबू नका.

अंगाला भयंकर खाज सुटली तर?

बहुतेकदा खाजकुइली. हिवाळ्यात तिच्या शेंगा तपकिरी, लवदार होतात आणि लव वाऱ्यानेही अंगावर येते. चोळू नका, ती आत रुतते. चिकटपट्टी लावून उचला, मग कपडे बदला, मग पाणी. कुसळाचं उलट आहे, ते मोज्यात शिरलं की पुढेच सरकतं, म्हणून टोकाच्या दिशेने ओढून काढा.

घरी गेल्यावर काही बघायचं का?

हो. गोचीड. आंघोळीआधी काख, जांघ, कमरेची पट्टी, कानामागे, केसांत बघा. चिकटलेली असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, काडी नको. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा चाव्याच्या जागी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना “डोंगरात गवतात गेलो होतो” हे आवर्जून सांगा. स्क्रब टायफसची शंका त्यांना त्यावरून येते. तो गोचिडीने नाही, डोळ्यांना न दिसणाऱ्या माइटच्या पिलांनी होतो, आणि वेळेत औषध मिळालं तर बरा होतो. कपडे आणि सॅक त्याच दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवा.